पंचनाम्यात न येणारं नुकसान

कपाशी बुडाली की पंचनामा होतो. शेतकऱ्याच्या मनाची चौकशी मात्र कोणी करत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने ती केली. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं, जोडीला समुपदेशक आणि गरजेपुरते मनोविकारतज्ज्ञ.

खचलेला माणूस घराबाहेर पडणं टाळतो. त्यामुळे बरं वाटण्याचे प्रसंग घटतात आणि मन आणखी खचतं. हे चक्र तोडायला अशा समुपदेशनात आधी एखादं छोटं काम ठरवतात: सकाळी पारापर्यंत चालत जायचं, तिथे बसलेल्यांशी चार शब्द बोलायचे. उत्साह आल्यावर काम नव्हे. आधी काम, मग उत्साह.

२०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रकल्पाचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती, म्हणून सगळं श्रेय ‘विश्राम’ला देता येणार नाही. तरीही मदत घेणाऱ्यांतली एवढी वाढ मला फार मोलाची वाटते.

अकोल्यात असा किंवा अमरावतीत, मन फार जड झालं तर १४४१६ वर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवा मिळते. फोनवर मराठीतच बोला.