स्टेफॉन मार्बरी

स्टेफॉन झेवियर मार्बरी (जन्म: २० फेब्रुवारी १९७७, ब्रुकलिन, न्यू यॉर्क) हे अमेरिकेचे निवृत्त व्यावसायिक बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. ते पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन आक्रमणाची आखणी करणारा खेळाडू, या स्थानावर खेळत. १९९६ ते २००९ या काळात ते अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या स्पर्धेत पाच संघांकडून आणि २०१० ते २०१८ या काळात चिनी बास्केटबॉल संघटनेच्या (सीबीए) स्पर्धेत चार संघांकडून खेळले. एनबीएमध्ये त्यांना एकही विजेतेपद मिळाले नाही. बीजिंग डक्स संघाला मात्र त्यांनी २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली. एनबीएतील कारकीर्द संपल्यावर परदेशी गेलेल्या अमेरिकन खेळाडूंमध्ये मार्बरी यांच्याइतके यश व लोकप्रेम फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

प्रारंभिक जीवन

न्यू यॉर्कच्या दक्षिण टोकावरील कोनी आयलंड या समुद्रकाठच्या भागात, सरकारी वसाहतीत मार्बरी यांचे बालपण गेले. सात भावंडांत ते सहावे. थोरले भाऊही उत्तम बास्केटबॉल खेळत, परंतु त्यांच्यापैकी कोणालाही एनबीएपर्यंत पोहोचता आले नाही. त्यामुळे कुटुंबाच्या आशा धाकट्या स्टेफॉनवर एकवटल्या. वसाहतीतील तरुण खेळाडूंविषयी डार्सी फ्रे यांनी लिहिलेल्या ‘द लास्ट शॉट’ (१९९४) या पुस्तकात अब्राहम लिंकन हायस्कूलमध्ये नुकताच दाखल झालेला मार्बरी भेटतो. मतदानाचे वय होण्यापूर्वीच हा मुलगा शहरभर ठाऊक झाला होता. १९९५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील सर्वोत्तम शालेय बास्केटबॉलपटू म्हणून त्यांची निवड झाली. त्यानंतर जॉर्जिया टेक विद्यापीठाकडून एकच हंगाम खेळून त्यांनी व्यावसायिक क्षेत्रात पाऊल टाकले.

एनबीएमधील कारकीर्द

१९९६ च्या वार्षिक निवडप्रक्रियेत मिलवॉकी बक्स संघाने मार्बरी यांना चौथ्या क्रमांकावर निवडले आणि त्याच दिवशी रे ॲलन यांच्या बदल्यात मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जच्या स्वाधीन केले. तेथे केव्हिन गार्नेट हा तरुण खेळाडू आधीपासून होता. उंच गार्नेट आणि चपळ मार्बरी यांची जोडी पुढील दहा वर्षे गाजणार, असे जाणकारांना वाटत होते. १९९७ मध्ये मिनेसोटाने आपल्या इतिहासात प्रथमच बाद फेरी गाठली व १९९८ मध्ये तिची पुनरावृत्ती केली.

ही जोडी मात्र तीन हंगामही पुरे टिकली नाही. १९९७ मध्ये गार्नेट यांच्याशी सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरांचा करार झाला. पुढील वर्षी मालक व खेळाडू यांच्यातील वाद विकोपाला जाऊन एनबीएत टाळेबंदी झाली. त्यानंतर झालेल्या समझोत्यात खेळाडूंच्या मानधनावर कमाल मर्यादा आली आणि गार्नेट यांच्या रकमेच्या जवळपास पोहोचण्याचा मार्ग मार्बरी यांच्यासाठी बंद झाला. घरापासूनचे अंतर हेही नाराजीचे एक कारण सांगितले जाते. मार्च १९९९ मध्ये ते न्यू जर्सी नेट्स संघात गेले.

नेट्स व त्यानंतर फीनिक्स सन्स या संघांकडून खेळताना मार्बरी वैयक्तिक कामगिरीच्या शिखरावर होते. १३ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांनी लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध ५० गुण नोंदवले, पण तो सामना त्यांच्या संघाने गमावला. २००१ आणि २००३ मध्ये त्यांची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली. याच काळात त्यांच्याविषयीचा एक आक्षेपही पक्का झाला: त्यांनी सोडलेला संघ ते गेल्यावर सुधारतो. २००१ मध्ये नेट्सने त्यांच्या बदल्यात जेसन किड यांना घेतले आणि नेट्स लगेचच सलग दोन वर्षे एनबीएच्या अंतिम फेरीत पोहोचले. जानेवारी २००४ मध्ये सन्सने त्यांना न्यू यॉर्क निक्सकडे पाठवले. त्याच उन्हाळ्यात स्टीव्ह नॅश सन्समध्ये आले आणि पुढील हंगामात त्या संघाने ६२ सामने जिंकले. हा आक्षेप पूर्णतः न्याय्य म्हणता येणार नाही, कारण त्या संघांत इतरही अनेक बदल झाले होते. तरीही एनबीएच्या कोणत्याही संघाचा प्रमुख खेळाडू असताना मार्बरी यांना बाद फेरीतील एकही मालिका जिंकता आली नाही, हे नाकारता येत नाही.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या संघात होते. साखळीतील पहिल्याच सामन्यात प्वेर्तो रिकोने या संघाचा पराभव केला आणि अखेर त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. उपांत्यपूर्व फेरीत तोवर अपराजित असलेल्या स्पेनविरुद्ध मार्बरी यांनी ३१ गुण केले. ऑलिंपिकमधील एका सामन्यात अमेरिकन पुरुष खेळाडूने केलेले ते तोपर्यंतचे सर्वाधिक गुण होते.

न्यू यॉर्कमधील पडता काळ

निक्स हा मार्बरी यांच्या घरचा संघ. तेथे झालेले स्वागत आणि तेथून झालेली गच्छंती यांत पाच वर्षांचे अंतर आहे. २००५-०६ च्या हंगामात प्रशिक्षक लॅरी ब्राऊन यांच्याशी त्यांचे उघड मतभेद झाले; त्या वर्षी निक्सने २३ सामने जिंकले व ५९ गमावले. नंतरचे प्रशिक्षक आयझेया टॉमस यांच्याशीही बिनसले. नोव्हेंबर २००७ मध्ये सुरुवातीच्या पाच खेळाडूंतून वगळले जाण्याच्या प्रश्नावरून वाद होऊन मार्बरी दौऱ्यावरील संघ सोडून परतले. पुढच्याच महिन्यात निक्सचा सामना पाहण्यास आलेल्या त्यांच्या वडिलांचे निधन झाले आणि त्यांना ते सामना संपल्यावर कळवण्यात आले. २००८-०९ च्या हंगामात नवे प्रशिक्षक माइक डँटोनी यांनी त्यांना मैदानात उतरवलेच नाही. सुमारे २ कोटी डॉलर मानधन घेणारा खेळाडू बाकावर बसून राहिला. शेवटी करारातून मुक्त होऊन बोस्टन सेल्टिक्सकडून काही महिने राखीव खेळाडू म्हणून खेळताच त्यांची एनबीए कारकीर्द संपली. ८४६ सामन्यांत प्रत्येकी सरासरी १९.३ गुण व ७.६ असिस्ट ही तिची अखेरची आकडेवारी.

२००९ च्या उन्हाळ्यात मार्बरी यांनी इंटरनेटवर स्वतःचे थेट प्रक्षेपण सुरू केले. त्यात ते कधी रडताना, तर कधी घसा दुखतो म्हणून व्हॅसलीन खाताना दिसले. वृत्तपत्रांनी त्यांची टिंगल केली. त्या काळात जगण्याची इच्छाच उरली नव्हती, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. तेव्हा त्या टिंगलीचे स्वरूप अनेकांच्या ध्यानात आले.

या पडत्या काळातील एक उपक्रम मात्र आवर्जून नोंदवण्याजोगा आहे. २००६ मध्ये त्यांनी ‘स्टारबरी’ या नावाने १४.९८ डॉलर किमतीचे बूट बाजारात आणले. नामवंत खेळाडूंच्या नावाचे बूट तेव्हा १०० डॉलरांहून अधिक किमतीला विकले जात आणि गरीब वस्त्यांतील मुले त्यांच्यासाठी आईवडिलांकडे हट्ट धरत. मार्बरी स्वतः तेच स्वस्त बूट घालून एनबीएचे सामने खेळले. विक्रेती कंपनी स्टीव्ह अँड बॅरीज २००८ मध्ये दिवाळखोरीत गेल्याने हा उपक्रम थांबला. चीनकडे जाण्यामागे खेळाबरोबरच या बुटांसाठी नवी बाजारपेठ शोधण्याचाही हेतू होता.

चीनमधील कारकीर्द

अमेरिकन खेळाडूंनी परदेशी खेळणे नवे नव्हते. एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेले बॉब मॅकाडू इटलीतील मिलानकडून खेळून १९८७ व १९८८ मध्ये युरोपचे विजेते झाले होते. चीनची गोष्ट निराळी होती. तेथील क्लबांना मोजकेच परदेशी खेळाडू घेता येत व त्यांच्या खेळण्याच्या वेळेवरही बंधन असे. बहुतेक परदेशी खेळाडू एखाद्या हंगामापुरते येत, भरपूर गुण करत आणि मोबदला घेऊन परत जात.

जानेवारी २०१० मध्ये मार्बरी शान्शी या कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रांताच्या संघात दाखल झाले. त्याच हंगामात सीबीएच्या ऑल-स्टार सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला, पण पुढील हंगामासाठी त्यांना फोशान संघात जावे लागले. २०११ मध्ये ते बीजिंग डक्समध्ये आले आणि तेथे सहा हंगाम राहिले.

प्रशिक्षक मिन लुलेई यांच्या या संघाने तोवर सीबीएचे विजेतेपद कधीच मिळवले नव्हते. २०१२ च्या अंतिम फेरीत त्यांची गाठ ग्वांगडोंगशी पडली. त्याआधीच्या आठपैकी सात विजेतेपदे ग्वांगडोंगच्या नावावर होती. बीजिंगने ही मालिका ४-१ अशी जिंकली. ३० मार्च रोजी झालेल्या पाचव्या सामन्यात मार्बरी यांनी ४१ गुण केले आणि विजयानंतर ते मैदानाच्या कडेला बसून रडले. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी परदेशी खेळाडूंचा तेव्हा विचार होत नसे. तो पुरस्कार त्यांचे सहकारी ली श्वे-लिन यांना मिळाला. त्याच वर्षी संघाच्या क्रीडागाराबाहेर मार्बरी यांचा कांस्य पुतळा उभारण्यात आला. एनबीएत ज्याला तीन वर्षांपूर्वी कोणी घेण्यास तयार नव्हते, त्याचा हा पुतळा होता.

२०१४ मध्ये शिन्जियांगला व २०१५ मध्ये लियाओनिंगला प्रत्येकी ४-२ असे हरवून बीजिंगने आणखी दोन विजेतेपदे मिळवली. २०१५ च्या अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मार्बरी यांचीच निवड झाली. तेव्हा त्यांचे वय ३८ होते.

या यशाचे मोजमाप करताना सीबीएचा दर्जा एनबीएपेक्षा बराच खालचा आहे, हे लक्षात घ्यावेच लागते. परंतु केवळ दर्जातील फरकाने सर्व उलगडा होत नाही. त्याच काळात चीनमध्ये एनबीएतील इतर नामवंतही खेळून गेले. २०११ च्या टाळेबंदीत केन्यन मार्टिन, जे. आर. स्मिथ आणि विल्सन चँडलर तेथे गेले होते. त्यांच्यापैकी कोणीही विजेतेपद मिळवू शकला नाही. मार्बरी यांनी बीजिंगमध्ये घर केले, भुयारी रेल्वेने प्रवास केला आणि संघातील चिनी खेळाडूंना हाताशी धरून शिकवले. रँडॉल्फ मॉरिस या उंच अमेरिकन सहकाऱ्याला चेंडू पुरवताना स्वतःचे गुण कमी झाले, तरी त्यांनी तक्रार केली नाही.

हा बदल चिनी प्रेक्षकांनी दिलेल्या नावांत नेमका उतरला आहे. एनबीएत असताना तेथील क्रीडापत्रकार मार्बरी यांना ‘एकटा लांडगा’ म्हणत. बीजिंगमध्ये ते ‘राजकीय अधिकारी मा’ झाले. चिनी सैन्यात तुकडीच्या सेनापतीबरोबर असा एक राजकीय अधिकारी असतो. सैनिकांचे मनोधैर्य व निष्ठा सांभाळणे हे त्याचे काम. ‘मा’ हे त्यांच्या आडनावाच्या चिनी रूपातील पहिले अक्षर.

सन्मान व उत्तरकाळ

२०१४ मध्ये बीजिंग शहराने मार्बरी यांना मानद नागरिकत्व दिले. पुढे त्यांना चीनमधील स्थायी निवासाचा परवानाही मिळाला. परदेशी व्यक्तींना तो क्वचितच दिला जातो. त्यांच्या जीवनावरील संगीत नाटकात आणि ‘माय अदर होम’ (२०१७) या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली.

२०१७ मध्ये बीजिंग डक्सने त्यांना खेळणे थांबवून प्रशिक्षणाकडे वळण्याचा प्रस्ताव दिला. आणखी एक वर्ष खेळण्याची त्यांची इच्छा होती, म्हणून ते त्याच शहरातील बेइकोंग संघाकडे गेले. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस असताना, ते अखेरचा सामना खेळले. जियांग्सूविरुद्धच्या त्या सामन्यात त्यांनी २० गुण केले व संघ विजयी झाला. २०१९ मध्ये ते बेइकोंगचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी त्यांच्या जीवनावरील ‘अ किड फ्रॉम कोनी आयलंड’ हा माहितीपट प्रदर्शित झाला. मार्च २०२० मध्ये न्यू यॉर्कमध्ये कोविडची साथ भडकली, तेव्हा चिनी पुरवठादारांकडून १ कोटी मुखपट्ट्या तेथील रुग्णालयांसाठी मिळवून देण्याचा प्रयत्न त्यांनी केला.