पॉलिकोंब प्रथिने

फळमाशीच्या (ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर) शरीराचा आराखडा ठरविणारे जीन (आनुवंशिक घटक) जेथे नको असतील तेथे कायम निष्क्रिय ठेवणारा प्रथिनांचा गट. या माशीच्या नरात फक्त पुढच्या पायांवर राठ केसांचा लहानसा कंगवा असतो. पॅमेला ल्यूइस यांनी १९४७ मध्ये वर्णिलेल्या एका उत्परिवर्तनात (एकाएकी होणाऱ्या आनुवंशिक बदलात) असे कंगवे मधल्या व मागच्या पायांवरही आढळले; ‘पॉलिकोंब’ म्हणजे ‘पुष्कळ कंगवे’ हे नाव त्यावरूनच पडले. हे कार्य पूर्णपणे नष्ट झाल्यास भ्रूणाचे जवळजवळ सर्व खंड उदराच्या आठव्या खंडासारखे बनतात व भ्रूण मरतो. एडवर्ड ल्यूइस यांनी १९७८ मध्ये पॉलिकोंब जीन हा खंडांची ओळख ठरविणाऱ्या बायथोरॅक्स जीनसमूहाचा दमनकारक असल्याचे प्रतिपादन केले.

कोणता जीन कोठे बंद राहावा, हे भ्रूणात प्रथम ठरविणारी प्रथिने काही तासांतच नाहीशी होतात. तो निर्णय मात्र अळी, कोशित व प्रौढ या अवस्थांत, अनेक कोशिका-विभाजनांनंतरही टिकतो. ही स्मृती डीएनएच्या क्रमातील बदलाने नव्हे, तर क्रोमॅटिनाच्या रूपांतरणाने राखली जाते. क्रोमॅटिनात सुमारे १४७ क्षारक-जोड्यांएवढा डीएनए आठ हिस्टोन रेणूंच्या गाभ्याभोवती गुंडाळलेला असतो. त्यांपैकी एच३ या हिस्टोनाच्या शेपटीतील २७ व्या लायसिनास ‘एन्हान्सर ऑफ झेस्ट’ हे एंझाइम मिथिल गट जोडते, असे २००२ मध्ये दिसून आले. तीन मिथिल गटांची ही खूण पॉलिकोंब प्रथिन ओळखते आणि सहकारी प्रथिनांसह तेथील क्रोमॅटिन घट्ट करते.

ही खूण दमनाचे कारण की केवळ त्याची सोबतीण, हा प्रश्न बरीच वर्षे अनिर्णित होता. २०१३ मध्ये फळमाशीच्या कोशिकांतील या लायसिनाच्या जागी आर्जिनीन घालण्यात आले, तेव्हा एंझाइम नसल्याप्रमाणेच निद्रिस्त जीन जागे झाले. तथापि खूण एकटी पुरेशी नाही. जीनाजवळचा, पॉलिकोंब गटाला ओढून आणणारा डीएनएचा तुकडा कापून काढल्यास प्रत्येक विभाजनागणिक खूण विरळ होत जाते व दमन संपते, हे २०१७ मधील प्रयोगांनी दाखविले. याउलट, ट्रायथोरॅक्स गटातील प्रथिने सक्रिय जीन सक्रियच ठेवतात.

मानवात याच एंझाइमाचे समधर्मी ईझेडएच२ असून काही लसीका-अर्बुदांत त्याची उत्परिवर्तने आढळतात.