सोनजुकचा दगडी पूल

उत्तर कोरियातील केसाँग शहराच्या पूर्व भागात, एका लहानशा ओढ्यावर, सुमारे ८ मीटर लांबीचा एक दगडी पूल आहे, आणि त्या पुलावरून आज कोणी चालत नाही. १७८० साली दगडी कठडे घालून त्याची वाट बंद करण्यात आली व रहदारीसाठी शेजारीच दुसरा पूल बांधण्यात आला. हे काम करविणारा गृहस्थ चोंग मोंगजूचा वंशज होता. १३९२ च्या वसंतात याच दगडांवर सांडलेले पूर्वजाचे रक्त पायदळी येऊ नये, ही त्याची भावना होती. पुलाच्या एका शिळेवर तांबूस छटा आहे, ती त्या रक्ताचीच, अशी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

केसाँग ही कोर्यो राजवंशाची राजधानी. ९१८ साली स्थापन झालेला हा वंश चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आतून पोखरला गेला होता: जमिनी मूठभर घराण्यांच्या घशात गेलेल्या, किनाऱ्यावर जपानी चाच्यांचा धुमाकूळ, आणि चीनमध्ये मंगोलांची सत्ता जाऊन मिंग घराण्याचा अंमल बसलेला. अशा काळात यी सेकसारख्या आचार्यांभोवती कन्फ्यूशियसच्या तत्त्वज्ञानाची नव्याने उपासना करणारी जी तरुण मंडळी जमली, तिच्यात मोंगजू अग्रगण्य होता. १३६० च्या मुलकी परीक्षेत तो पहिला आला. १३७७ मध्ये वकील म्हणून जपानला जाऊन चाच्यांनी धरून नेलेले शेकडो लोक त्याने सोडवून आणले. त्याच मंडळीत चोंग दोजॉन होता. दोजॉन मातापित्यांच्या सुतकात गावी राहिला असता मोंगजूने त्याला मेन्शियसच्या ग्रंथाची प्रत पाठविली, आणि दोजॉन रोज त्याचे एखादे पान, कधी अर्धेच पान, मन लावून वाचीत असे. या दोघा मित्रांची पुढची सारी कथा मला त्या एका भेटीत साठविलेली दिसते; कारण राजाशी एकनिष्ठ राहावे हा धर्म जसा कन्फ्यूशियसच्या परंपरेने सांगितला, तसाच प्रजेला गांजणाऱ्या राजाचा अधिकार संपुष्टात येतो हा विचारही मेन्शियसने त्याच परंपरेत मांडला होता.

१३८८ मध्ये सेनापती यी सोंगग्ये याने यालू नदीतील बेटावरून फौज माघारी फिरवून दरबार ताब्यात घेतला, तेव्हा सुधारणेची आशा धरून मोंगजूही त्याच्याच पक्षात होता. १३८९ मध्ये बालराजाला पदच्युत करून कोंगयांगला तख्तावर बसविणाऱ्या नऊ सरदारांत त्याचे नाव आहे, आणि त्याचे स्तुतिपाठक हा भाग बहुधा घाईने उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. राज्याची दुरुस्ती करण्यासाठी तो पुष्कळ दूरपर्यंत चालत गेला, नको त्या कृत्यालाही त्याने हात लावला. परंतु वंशच बुडविण्याची मसलत दिसू लागताच तो थांबला. सोंगग्ये शिकारीत घोड्यावरून पडून जायबंदी झाला, ती संधी साधून त्याने दोजॉन व त्याच्या साथीदारांना बडतर्फ व हद्दपार करविले. सेनापतीचा मुलगा यी बांगवॉन याने, परंपरा सांगते त्याप्रमाणे, एका पद्यातून त्याचे मन चाचपून पाहिले आणि मोंगजूने पद्यातूनच निश्चल नकार दिला. सेनापतीची विचारपूस करून घरी परतत असता बांगवॉनच्या माणसांनी त्याला गाठले. त्याच वर्षी कोर्यो वंश संपला व चोसॉन राजवट सुरू झाली.

नव्या दरबारात पुष्कळ विद्वान रुजू झाले. पुष्कळ झाले नाहीत. बहात्तर जणांनी डोंगरातल्या एका खेड्यात कायमचे दडून राहणे पत्करले अशी आख्यायिका आहे. किल जे आपल्या गावी दक्षिणेस जाऊन मुले शिकवू लागला, आणि पुढे खुद्द बांगवॉनने देऊ केलेले पद त्याने, दोन राजांची चाकरी आपल्याकडून होणार नाही, असे कळवून नाकारले. बांगवॉनने त्याला अडविले नाही.

हाच बांगवॉन राजा झाल्यावर, १४०१ मध्ये, त्याने मोंगजूला मरणोत्तर सर्वोच्च मंत्रिपदाचा मरातब दिला. तशी विनंती करणारा क्वोन कुन स्वतः जुन्या दरबारातून नव्यात आलेला पंडित होता. सिंहासनावर बसलेल्या माणसाला आता जिवास जीव देणारे सेवक हवे होते, आणि त्यांच्यापुढे ठेवण्यासारखा आदर्श त्याला आपणच मारविलेल्या माणसात सापडला. पण केवळ राजनीतीने हा सन्मान इतका टिकला नसता. किल जेच्या शिष्यपरंपरेतील विद्वानांनी तो जिवापाड जपला, आणि १५१७ मध्ये मोंगजूची स्थापना राजधानीतील कन्फ्यूशियसच्या मंदिरात झाली.

पुलापासून जवळच, त्याच्या राहत्या वाड्याच्या जागी, १५७३ पासून त्याचे स्मारक-विद्यालय उभे आहे. सुंग्यांग या नावाने ते ओळखले जाते. पुलासमोर दगडी कासवांच्या पाठीवर दोन प्रचंड शिलालेख आहेत, एक १७४० मध्ये राजा योंगजोने आणि दुसरा १८७२ मध्ये राजा कोजोंगने उभारलेला. दोन्ही राजे बांगवॉनच्याच वंशातले. १९५३ च्या युद्धविरामानंतर केसाँग उत्तरेकडे गेले, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंस मोंगजूचे नाव आदराने घेतले जाते, आणि २०१३ साली हा पूल, विद्यालय व शिलालेख जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

दोजॉनच्या वाट्याला काय आले? नव्या राज्याचे कायदे, राजधानीची आखणी, राजवाड्याच्या दालनांची नावे, सारे त्याने घडविले. आणि १३९८ मध्ये वारसाहक्काच्या भांडणात त्याच बांगवॉनने त्याला ठार करविले. मोंगजूला नऊ वर्षांत मिळालेला सन्मान चोसॉनच्या या शिल्पकाराला १८६५ पर्यंत मिळाला नाही.