घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गायन प्रथम मुद्रित झालें. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीनेक मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे, आणि मध्येंच चूक झाली तर सारें पुन्हा आरंभापासून गावें लागे. आज तेंच काम घरच्या संगणकावर करतां येतें. तें कसें होतें व त्यांत कोणती खबरदारी घ्यावी, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ध्वनि म्हणजे हवेंतील कंपनें होत. मायक्रोफोन त्यांचें विजेच्या लहरींत रूपांतर करितो. संगणकास मात्र लहर कळत नाहीं. त्यास केवळ अंक कळतात. म्हणून त्या लहरीची उंची सामान्यतः दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजली जाते व प्रत्येक वेळचा अंक लिहून ठेविला जातो. ही संख्या उगीच ठरविलेली नाहीं. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. आणि कोणतेंही कंपन यथार्थ टिपावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी करावी लागते. ही उंची मोजण्याच्या पट्टीवर ६५,५३६ पायऱ्या असतात. डावी व उजवी अशा दोन बाजू धरल्या तर एका मिनिटाच्या गाण्यास एक कोटीहून अधिक बाइट इतकी जागा लागते.

ध्वनि एकदां अंकरूप झाला कीं त्याचें गणित करतां येतें, आणि साऱ्या चमत्काराचें मूळ येथेंच आहे. आधीं तबला, मग पेटी, मग गळा अशीं निरनिराळीं मुद्रणें करून तीं एकत्र वाजविणें म्हणजे त्यांच्या अंकांची बेरीज करणें. आवाज वाढविणें म्हणजे गुणाकार; नको तो भाग कापणें म्हणजे तेवढे अंक गाळणें. या कामास ऑडॅसिटी नांवाचा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. रिकाम्या खोलींत आवाज घुमतो, म्हणून भोंवतीं गोधड्या टांगाव्या, आणि मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर ठेवावा.

परंतु जें सहज बदलतां येतें, तें सहज बिघडवितांही येतें. पंचाहत्तरी उलटलेल्या आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या आम्हीं एकदां मुद्रित केल्या. खोलींत पंखा चालू होता. आरंभींचे पांच सेकंद त्यांस गप्प बसविलें होतें. तेवढ्या भागांत केवळ पंख्याचाच आवाज असल्यामुळें तो प्रोग्रॅमला दाखवून साऱ्या गाण्यांतून बराच कमी करतां आला. या यशानें आम्हांस लोभ सुटला. सप्तकाचे बारा समान भाग करून प्रत्येक स्वर जवळच्या घरांत नेऊन बसविणारा दुसरा एक प्रोग्रॅम आम्हीं लाविला. मातोश्रींचा गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, थरथरत जाई. ती मींड गेली, ती थरथरही गेली. स्वर तेवढे बिनचूक झाले. मोठ्या हौसेनें आम्हीं तें धाकट्या बहिणीस ऐकविलें. ती क्षणभर थांबून म्हणाली, "दादा, गाणं चांगलं आहे, पण ही आई नव्हे."

मूळ मुद्रण आम्हीं निराळें ठेविलें होतें, म्हणून निभावलें. पुढच्याच वर्षीं मातोश्री निवर्तल्या. आज घरांत ऐकतों तें तेंच पहिलें मुद्रण, पंख्याच्या घरघरीसह.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं आजी ओव्या म्हणत असेल, आजोबा पेटी वाजवीत असतील, तर या सुटींत त्यांचें मुद्रण अवश्य करा. पहिली प्रत वेव्ह या प्रकारांत जतन करा; एमपी-थ्री प्रकारांत जागा वांचते, पण ध्वनीचा कांहीं भाग कायमचा टाकून दिला जातो. तिची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणीं ठेवा. मग दुसऱ्या नकलेवर हवे ते प्रयोग खुशाल करा. मूळ प्रतीस मात्र हात लावूं नका. चुकलेला स्वर पुन्हा सुधारतां येईल. हरपलेला आवाज कोणत्याही गणितानें परत आणतां येणार नाहीं.