कावळ्याची मान कोणत्या रंगाची?

रोज खिडकीशी येणाऱ्या कावळ्याचे चित्र आठवणीने काढायला सांगितले, तर बहुतेक जण तो चोचीपासून शेपटीपर्यंत काळा रंगवतात. प्रत्यक्षात आपल्या शहरांत दिसणाऱ्या गावकावळ्याची मान आणि छाती राखाडी असते. पूर्ण काळा असतो तो डोमकावळा. पाय काढायची वेळ आली की आणखी पंचाईत होते. पोटाखाली दोन सरळ काड्या आणि टोकाला तीन-तीन रेघा. मागचे चौथे बोट राहूनच जाते.

‘मला चित्रकला येत नाही’ असे म्हणताना दोष हाताला दिला जातो. डेल कोहेन आणि सुझन बेनेट या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये नेमके हेच तपासले. समोर दिसणारी गोष्टही हुबेहूब का काढता येत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. हाताच्या कौशल्याचा वाटा त्यांना अगदी थोडा आढळला. मोठी चूक होते ती पाहण्यात. तसेही, जो हात झोकदार सही करतो किंवा कोथिंबीर बारीक चिरतो, त्याला पक्ष्याची रेघ जमू नये असे काही कारण नाही.

पाहण्यात चूक होते, कारण डोळ्याला एका वेळी फार थोडेच स्पष्ट दिसते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा भाग ठळक, बाकीचे धूसर. उरलेले चित्र मेंदू जुन्या माहितीवर पूर्ण करतो. ‘पक्षी’ म्हटले की लहानपणी शिकलेली खूण पुढे येते आणि हात तीच उतरवतो. पक्षी काढायला शिकणे म्हणजे ही खूण बाजूला सारून समोरच्या जिवाकडे पाहणे.

त्यासाठी थोडे शरीरशास्त्र उपयोगी पडते. पाणथळ जागी दिसणाऱ्या शेकाट्याच्या लांब तांबड्या पायात मध्येच एक सांधा मागे वाकलेला दिसतो. त्याला सगळे ‘उलटा गुडघा’ समजतात. तो असतो घोटा. खरा गुडघा वर, पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. पक्षी टाच उचलून, बोटांवर चालतो. एवढे कळले की काड्यांचे पाय होतात. मग पाहायचे ते एवढेच, की एका जागी उभ्या असलेल्या पक्ष्याची पावले शरीराच्या वजनाखाली येतात का. तशी आली नाहीत तर चित्रातला पक्षी पुढे कोसळेल असे वाटते.

नवशिके हमखास डोळा किंवा चोच यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण डोके मोठे होते आणि शेपटीला कागद पुरत नाही. आधी एकच रेघ ओढावी, पक्ष्याच्या बसण्याच्या कलाची. साळुंकी आडवी, पिंगळा जवळजवळ उभा. त्यावर शरीराचा आणि डोक्याचा अंदाजे आकार, मग शेपटीचा कोन. चोच आणि डोळा त्यानंतर. डोळा कपाळाच्या मध्यावर नव्हे, तर चोचीची फट जिथे संपते त्याच्या जरा वर व मागे येतो. पिसे एकेक काढण्याचा हट्ट नको. ती अंगावर गटागटाने, कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. गटांच्या कडा दाखवल्या तरी पुरते. आणि पक्षी थांबत नाहीच. तो हलला की अर्धे चित्र तसेच सोडून शेजारी दुसरे सुरू करावे. बुलबुल थोड्या वेळाने पुन्हा त्याच बैठकीत येतो, तेव्हा पहिले पुढे न्यावे.

रंगात वेगळीच गंमत आहे. खंड्याच्या किंवा नीलपंखाच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. म्हणून उन्हात आणि सावलीत एकच पक्षी वेगळा भासतो, आणि ट्यूबमधला तयार निळा जसाच्या तसा लावला की चित्र मेल्यासारखे दिसते. पारदर्शक जलरंगात पांढरा गायबगळा तर रंगवायचाच नसतो. रंगवायची ती मागची झाडी आणि पिसांतल्या सावल्या. बगळा म्हणजे कोरा ठेवलेला कागद.

बारकावे पाहण्याची सवय केवळ चित्रापुरती राहत नाही. रानपिंगळ्याचा 1884 नंतर खात्रीशीर पुरावा नव्हता. पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील जुने नमुने बारकाईने अभ्यासले आणि 1997 मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत दिसला. गावात सर्रास दिसणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्याहून तो ओळखायचा तो जवळजवळ बिनठिपक्यांच्या डोक्यावरून, पंख-शेपटीवरच्या ठळक पट्ट्यांवरून आणि पांढऱ्या पिसांनी भरलेल्या जाड पायांवरून. ‘घुबडासारखे काहीतरी’ एवढेच पाहणाऱ्याला हा फरक कळला नसता.

स्मरणशक्तीबद्दलही एक निष्कर्ष आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचे चित्र काढल्यास तो अधिक लक्षात राहतो. चित्र चांगले होते की वाईट, याने फरक पडला नाही. पुढे ज्येष्ठांवरील प्रयोगातही हा फायदा दिसला. हे प्रयोग शब्दांच्या यादीवरचे होते, त्यामुळे चित्रे काढून विस्मरणाचा आजार बरा होतो असा अर्थ कुणी काढू नये. पण निवृत्तीनंतर ‘आता या वयात काय शिकणार’ म्हणणाऱ्यांनी वही उघडायला हरकत नाही.

साहित्य फारसे लागत नाही. टू-बी पेन्सिल, साधी वही आणि सुरुवातीला कबुतर, कावळा, चिमणी असे माणसांना सरावलेले पक्षी. खोडरबर घरीच ठेवावे, म्हणजे चुकीच्या रेघेशेजारी बरोबर रेघ येते आणि फरक दिसतो. पानावर तारीख, वेळ, जागा आणि ‘पोटाखाली तांबूस’ अशी रंगांची टिपणे लिहावीत. रंग घरी भरता येतात. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याच्या मात्र जवळ जाऊ नये. तो दचकून उडाला, की अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळा जवळपास असतोच.