नळी जठरातच आहे काय?

ज्या बालकास दूध गिळता येत नाही, त्याच्या नाकावाटे जठरापर्यंत बारीक नळी सोडून तिच्यातून अन्न द्यावे लागते; आपल्या रुग्णालयांत ‘राइल्स ट्यूब’ या नावाने परिचित असलेली ही नळी घालण्याचे काम बहुधा परिचारिकेकडे असते, आणि ते दिसते तितके निर्धोक नाही. अन्ननलिका व श्वासनलिका यांची मुखे घशात इतकी सन्निध असतात की नळी चुकून फुफ्फुसाकडे वळू शकते, आणि अशक्त अर्भकास त्या वेळी खोकला येईलच असे नाही. तशा नळीतून दूध सोडले गेले तर प्राणांवर बेतते.

नळी ठिकाणावर असल्याची खातरजमा करण्याचा जुना शिरस्ता असा, की पिचकारीने तिच्यात हवा सोडावयाची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकावयाचा. पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या गेलेल्या या वहिवाटीस प्रमाणाची कसोटी लावली ती परिचारिकांनीच. अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठाच्या नॉर्मा मेथनी यांनी १९९०च्या सुमारास प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की केवळ आवाजावरून नळीचे स्थान खात्रीने सांगता येत नाही; त्यापेक्षा नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता पाहणे अधिक विश्वसनीय, कारण जठररस तीव्र आम्ल असतो. इंडियाना विद्यापीठाच्या मार्शा एलेट यांनी हा विचार बालकांपर्यंत नेला आणि नळी किती आत घालावी, या अगदी साध्या वाटणाऱ्या प्रश्नाची चिकित्सा केली. नाकापासून कानापर्यंत व तेथून उरोस्थीच्या टोकापर्यंत माप घेण्याची रूढ रीत नवजात अर्भकांत पुष्कळदा अपुरी पडते आणि नळीचे टोक अन्ननलिकेतच राहते. तेच माप उरोस्थीचे टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत घेतल्यास ते अधिक बिनचूक ठरते, असे त्यांना आढळले. दोन-तीन बोटांचा हा फरक शोधून काढण्यास महागडे यंत्र लागले नाही. लागली ती रोजच्या कामाविषयी शंका घेण्याची तयारी, आणि ती मला कोणत्याही यंत्राहून मोलाची वाटते.

इंग्लंडात २००५ साली राष्ट्रीय रुग्ण-सुरक्षा संस्थेने आवाजाची परीक्षा वर्ज्य ठरविणारा इशारा जारी केला. २०११च्या आदेशात ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितके आम्ल तीव्र) १ ते ५.५ असेल तरच अन्न द्यावे, अन्यथा क्ष-किरण चित्राचा आधार घ्यावा, असे स्पष्ट झाले. आम्लशामक औषधांनी पीएच वाढतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. आणि क्ष-किरणांचा मारा तान्ह्या जिवावर वारंवार करणेही इष्ट नव्हे.

परंतु शोध लागला म्हणजे वहिवाट बदलते असे नाही. अमेरिकेत बेथ लायमन या परिचारिकेच्या पुढाकाराने ६३ रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा दाखल बालकांपैकी जवळजवळ चतुर्थांशांना अशी नळी असल्याचे दिसले, आणि त्या रुग्णालयांत आवाजाची जुनी परीक्षाही अद्याप रूढ होती. गुणवत्ता-सुधारणेचे खरे काम येथे सुरू होते: पीएचची पट्टी खाटेजवळ ठेवणे, नाकाबाहेरील नळीची लांबी लिहून ठेवणे, आणि प्रत्येक वेळी दूध देण्यापूर्वी दोन्ही ताडून पाहणे.

आपल्या रुग्णालयांच्या चालकांनी परिचारिकांना या पट्ट्या, नोंदीसाठी निवांत वेळ आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार, ही तिन्ही विनाविलंब द्यावीत.