भुईमुगातील अदृश्य विष आणि लेसरचा प्रकाश

खळ्यात भुईमुगाच्या शेंगांची रास पडली म्हणजे हंगामाच्या श्रमांचे चीज झाले, असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काढणीच्या वेळी पाऊस आला व शेंगा ओलसर असतानाच पोत्यांत भरल्या गेल्या, तर त्याच राशीत डोळ्यांना न दिसणारे एक विष तयार होण्याचा संभव असतो. अफ्लाटॉक्सिन हे त्याचे नाव. हे विष किती सूक्ष्म प्रमाणातही शोधून काढता येते, हे विद्यापीठातील एका रसायनशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यांच्या कार्याचा परिचय प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने करून घेणे अगत्याचे आहे.

सन १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोधाअंती त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत दोष आढळला. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने त्या पेंडीत विष निर्माण केले होते. आपल्या देशातही १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्यामुळे यकृताचा विकार फैलावला आणि शंभरावर माणसे दगावली. अवेळी पावसात भिजलेले कणीस हेच त्या अनर्थाचे मूळ होते.

या विषाचा एक गुण मात्र शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडला. त्यावर जंबुपार किरण टाकले असता ते निळसर किंवा हिरवट चमकते. पदार्थाने एक प्रकाश शोषून घेऊन लगेच दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकावा, या क्रियेला अनुस्फुरण असे म्हणतात. तथापि विष फारच थोडे असेल तर साध्या दिव्याखाली ती चमक इतकी मंद असते की ती ओळखता येत नाही.

येथे लेसर उपयोगी आला. लेसरचा झोत एकाच रंगाचा व अतिशय प्रखर असून तो सुईच्या अग्राएवढ्या जागेवर एकवटता येतो. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झेअर व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये पोटॅशियमच्या वाफेतील रेणूंवर लेसर टाकून त्यांच्या चमकेचा अभ्यास केला. रेणूंची रचना जाणून घेणे एवढाच त्यांचा हेतू होता. भुईमुगाचा विचारही त्यात नव्हता. पण पुढे १९७७ मध्ये झेअर व जेराल्ड डीबोल्ड यांनी हीच पद्धत अफ्लाटॉक्सिनला लावली. त्याच वर्षी झेअर स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले.

त्यांची युक्ती समजण्यास कठीण नाही. प्रथम नमुन्याचा अर्क एका बारीक नळीतून दाबाने सोडून त्यातील निरनिराळे घटक वेगळे केले जातात. नळीतून येणारा द्रव काचेच्या भांड्यात घेतला, तर लेसर पडताच काचही थोडी चमकते आणि तिच्या चमकेत विषाची चमक लोपते. म्हणून त्यांनी भांडेच काढून टाकले व नळीच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबावर सरळ लेसरचा झोत टाकला. अशा रीतीने एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले असता त्यांतील एका भागाहूनही कमी विष त्यांना ओळखता आले.

एवढ्या सूक्ष्म मोजणीची गरज काय, अशी शंका कोणी घेईल. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्याकरिता आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरविली आहे. म्हणजे एक टन दाण्यांत केवळ १५ मिलिग्रॅम, सुमारे एका तांदळाच्या दाण्याच्या वजनाइतके विष! ते डोळ्यांनी दिसत नाही, जिभेला कळत नाही, आणि भाजल्याने वा उकळल्याने पूर्णपणे नाहीसेही होत नाही.

परंतु यंत्र कितीही तीक्ष्ण असले तरी त्याच्यापुढे आलेल्या नमुन्यापलीकडचे त्यास दिसत नाही. विष सर्व राशीत सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांतील मोजक्याच दाण्यांत ते साठलेले असते. सबब कार्यकर्त्यांनी नमुना घेताना एका पोत्यातील मूठभर दाणे न घेता अनेक पोत्यांतून, वरून, मधून व तळातून दाणे घेऊन ते एकत्र मिसळावेत. येथे चूक झाली तर प्रयोगशाळेतील सारी मेहनत व्यर्थ जाते.

शिवाय लेसर विष दाखवितो, ते दूर करीत नाही. ते काम शेतकऱ्याचेच आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. शेंगा भरण्याच्या काळात शक्य असल्यास पिकास पाण्याचा ताण पडू देऊ नये. पीक पक्व होताच काढणी करावी. काढताना शेंगा फुटू देऊ नयेत, कारण फुटक्या टरफलातून बुरशी सहज आत शिरते. शेंगा हलविल्या असता आतील दाणे खुळखुळ वाजेपर्यंत त्या चांगल्या वाळवाव्यात. दाण्यांतील ओलावा शेकडा ८ च्या आसपास आला पाहिजे. फुटक्या, किडक्या व सुरकुतलेल्या शेंगा निवडून वेगळ्या काढाव्यात. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

बुरशी लागलेले दाणे किंवा पेंड जनावरांना घालून संपविण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलाच पाहिजे. गाई-म्हशींच्या पोटात गेलेल्या या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध शेवटी आपल्याच मुलांच्या पेल्यात येते.

शास्त्रज्ञांनी एका थेंबात लपलेले विष उजेडात आणले. ते विष मुळात निपजूच न देणारा उजेड मात्र आपल्या अंगणात रोज पडतो. तो उन्हाचा आहे, आणि त्यात शेंगा पुरेशा वाळविणे आपल्याच हाती आहे.